आधी वारा, मग धार: तीन पात्यांच्या मोवर डेकची जोडणी, वापर आणि निगा

मंडळी, आज आपण एकाच डेकबद्दल बोलू. डेक म्हणजे पाती ज्यात फिरतात तो पत्र्याचा उलटा डबा. टाउनशिपच्या हिरवळींवर, कॉलेजांच्या आवारांत झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारे गवत कापायचे मशिन फिरते, त्याच्या पोटाखालचा 60 इंची, म्हणजे 152 सेंटिमीटरचा डेक. तीन पाती, उजवीकडे गवत फेकणारा. क्रिकेटची खेळपट्टी याने कापत नाहीत, तिथे सिलिंडर मोवरच हवा. मोकळ्या मैदानाला मात्र हाच.

हा डेक कापतो कसा, हे नीट कळले की पुढची निम्मी दुरुस्ती आपोआप समजते. पाते खालून बघा. टोकाजवळ पुढच्या कडेला धार आहे आणि मागची कड वर वळवलेली आहे. ही वळवलेली कड म्हणजे पंख. पाते फिरले की हा पंख हवा वर ओढतो, आडवे पडलेले गवत उभे राहते, मग धार त्याला उडवते आणि तीच हवा कातरण उजव्या तोंडातून बाहेर नेते. म्हणजे डेक हा आधी पंखा आहे. ‘धार लावली तरी कटिंग येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा धारेची नसते, वाऱ्याची असते.

आकडे बघा. पाते साधारण 52 सेंटिमीटरचे, फेरे मिनिटाला 3300 धरू. टोकाचा वेग निघतो सेकंदाला सुमारे 90 मीटर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर. अमेरिकी मानकाची मर्यादा मिनिटाला 19,000 फुटांची, म्हणजे सेकंदाला साडेशहाण्णव मीटर. कंपन्या तिच्या थोडे खाली राहतात. म्हणून गव्हर्नर, म्हणजे फेरे आटोक्यात ठेवणारा भाग, छेडून इंजिनाचे फेरे वाढवायचे नाहीत. आणि पेट्रोल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवायचीही सोय नाही. पंख्याचा नियम असा की फेरे दोन तृतीयांशांवर आले तर हवेचा दाब त्याच्या वर्गाने उतरतो, म्हणजे 44 टक्क्यांवर येतो. पाते फिरताना दिसते, आवाजही येतो, पण गवत उभे करायची ताकद निम्मीसुद्धा उरत नाही. कापताना थ्रॉटल पूर्ण. कमी करायचा असेल तर मशिन पळवण्याचा वेग कमी करा.

आता जोडणी. स्पिंडलपासून, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या आसापासून सुरुवात करू, कारण इथली चूक वर्षभर त्रास देते.

स्पिंडलमध्ये एक ओतीव घर, एक शाफ्ट, वर-खाली दोन बेअरिंग, त्यांच्यामध्ये एक नळी म्हणजे स्पेसर, दोन ऑइल सील आणि वर पुली. ही नळी साधी दिसते म्हणून काही जण ‘राहू दे’ म्हणून बाजूला टाकतात. तसे अजिबात करू नका. पात्याचा बोल्ट आणि पुलीचा नट आवळताना येणारा दाब आतल्या दोन रिंगांमधून या नळीवर जातो. नळी नसली किंवा झिजून आखूड झाली, की तो दाब सरळ बेअरिंगच्या गोळ्यांवर येतो. हाताने फिरवताना स्पिंडल जड लागतो, पाऊण तास चालला की घर हात लावू देत नाही, आणि काही दिवसांत बेअरिंग धरते. काही बनावटींत नळी आणि बेअरिंग मापाने जुळवून संच म्हणूनच येतात. तिथे एकाची नळी दुसऱ्याला लावायची नाही.

बेअरिंग घरात ठोकताना दाब बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. उलट केले तर गोळ्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरते. हातोडीपेक्षा प्रेस बरा. सील काढण्यापूर्वी त्याचे ओठ वर होते की खाली, ते खडूने लिहून ठेवा, सगळ्या मशिनांत सारखे नसते.

स्पिंडल डेकवर बसवण्याआधी बसायची जागा घासून उघडा पत्रा दिसेपर्यंत स्वच्छ करा. रंगाचा एक पापुद्रा किंवा गंजाचा फोड काय करतो पाहा. स्पिंडलची बैठक 160 मिलिमीटर रुंद धरली आणि एका बाजूला अर्धा मिलिमीटर राहिला, तर 52 सेंटिमीटरच्या पात्याच्या दोन टोकांत दीड मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. मग हिरवळीवर पायऱ्या दिसतात आणि आपण लेव्हलिंगचे बोल्ट फिरवत बसतो. अॅल्युमिनियमच्या घरात बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे आत जाऊ द्या, मगच पाना लावा. आटे एकदा वाकडे गेले की घरच बदलावे लागते.

पाते बसवताना दोन गोष्टी. पंख वर, डेकच्या पोटाकडे. उलटे लागले तर बोथट बाजू पुढे येते, गवत नुसते झोपते आणि मशिन धापा टाकते. दुसरे, बोल्टखालचा स्प्रिंग वायसर वाटीसारखा असेल तर त्याचा फुगीर भाग बोल्टच्या डोक्याकडे. आवळायला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना. या आकाराच्या बऱ्याच मशिनांना 110 ते 150 न्यूटन-मीटर लागतात, पण नेमका आकडा आपल्याच मशिनच्या पुस्तकातला घ्यायचा. पाइप घालून अंगाच्या जोराने आवळणे म्हणजे अंदाजपंचे काम, आणि हवेच्या गनने आवळलेला बोल्ट रस्त्यात कधी तुटेल ते सांगता येत नाही. पाते धरून ठेवायला पाते आणि डेकच्या मधे लाकडी ठोकळा अडकवा, हात नको. हातमोजे मात्र हवेतच.

बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो काढा. डेकवरचे स्टिकर गवताने केव्हाच घासून गेलेले असते. ‘व्ही’च्या बाजू पुल्यांच्या खाचेत बसतात, सपाट पाठ सपाट आयडलरवर, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकावर. बेल्ट स्क्रूड्रायव्हरने उपसून चढवू नका. आतली दोरी तुटते, बाहेरून काही दिसत नाही, आणि आठवड्याभरात बेल्ट पलटी खातो. स्प्रिंगच्या आयडलरला पाना लावून ढील द्यायची, बेल्ट हाताने ठेवायचा. बाजारात तेवढ्याच लांबीचा पिठाच्या गिरणीचा बेल्ट स्वस्तात मिळतो, आणि तो बसतोही. पण आपल्या बेल्टला आयडलरवर उलट्या बाजूनेही वाकावे लागते आणि क्लच (इंजिनाचा जोर पात्यांना जोडणारा भाग) लागताना एकदम झटका सोसावा लागतो. त्यासाठी अरॅमिड या चिवट धाग्याच्या दोरीचा बेल्ट असतो. माझे स्पष्ट मत आहे की हा पैसा वाचवण्यासारखा नाही. बेल्ट खाचेच्या तळाला टेकायला लागला असेल तर तो झिजला किंवा पुली झिजली. घसरतो म्हणून त्यावर पावडर किंवा चिकट फवारा मारू नये.

इलेक्ट्रिक क्लचकडे कोणी लक्ष देत नाही. त्याच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, तिन्ही खिडक्यांत मोजा. बऱ्याच क्लचना 0.4 मिलिमीटरच्या आसपास लागते. झीज होऊन फट वाढली की गरम झाल्यावर क्लच ओढत नाही. सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो, आणि वायरमन बिचारा वायरिंग शोधत बसतो. क्लच लावताना थ्रॉटल निम्म्यावर, पाती फिरायला लागली की पूर्ण. पूर्ण थ्रॉटलवर क्लचचा खटका ओढला तर बेल्ट आणि क्लच दोन्हींचे आयुष्य कमी होते.

लेव्हल. आधी टायरची हवा. एका मागच्या टायरमध्ये 13 पीएसआय आणि दुसऱ्यात 8 असेल तर डेक कितीही लावा, वाकडाच राहणार. मशिन सपाट काँक्रीटवर उभे करा, उंची 75 मिलिमीटरच्या खाचेत, इंजिन बंद, चावी खिशात, प्लगची वायर काढलेली. पाती आडवी फिरवा आणि डाव्या पात्याच्या बाहेरच्या टोकापासून जमिनीपर्यंत, तसेच उजव्याच्या बाहेरच्या टोकापासून, स्टीलच्या पट्टीने मोजा. मापे जमिनीपासून धारेपर्यंतची घ्या, डेकच्या कडेपर्यंतची नकोत. कड ठोकर खाऊन वाकलेली असते. फरक 3 मिलिमीटरच्या आत. मग पाते मशिनच्या लांबीत फिरवा. पुढचे टोक मागच्यापेक्षा 3 ते 6 मिलिमीटर खाली हवे. कापायचे काम पुढच्या अर्ध्या फेऱ्यात होते. मागचे टोक त्याच उंचीवर असेल तर ते कापलेल्याच गवतावर पुन्हा घासते, ताकद खाते आणि शेंडे फाडते. पुढचा उतार लावल्यावर डावे-उजवे माप परत बघा, हलते. शेवटी डेकखालचे रोलर जमिनीपासून एक ते दोन सेंटिमीटर वर ठेवा. ते वजन पेलायला नाहीत, उंचवटा आला तर डेक उचलायला आहेत. सतत टेकत असतील तर बुशिंग झिजतात.

वापराबद्दल थोडेच सांगतो. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त शेंडा कापू नका. हरळी 4 सेंटिमीटरवर ठेवायची तर ती 6 सेंटिमीटरची झाली की कापा. पावसाळ्यात चार सुट्या लागून आल्या आणि गवत 12 सेंटिमीटर झाले, तर आधी 8 वर, दोन-तीन दिवसांनी साडेपाचवर. कुंपणाजवळ, रस्त्याजवळ पहिले दोन फेरे असे घ्या की उजवे तोंड आतल्या बाजूला राहील. नंतर दिशा उलटी करून डावीकडे वळत आत या, म्हणजे कातरण कापलेल्या भागावर पडते, पुढच्या फेऱ्याच्या वाटेत येत नाही.

तोंडावरचा रबरी किंवा प्लास्टिकचा पडदा. तारेने वर बांधून ठेवलेला पडदा अनेक ठिकाणी दिसतो, ‘गवत तुंबते’ म्हणून. मघाचा आकडा आठवा, सेकंदाला 90 मीटर. त्या वेगाच्या पात्याने उडवलेली खडी कोणाच्या डोळ्याकडे जाईल ते चालवणाऱ्याला दिसतही नाही. तार तोडा. गवत तुंबते याचे कारण ओलावा, जास्त वेग किंवा डेकच्या पोटातला चिखल, यांपैकी एक असते. खटका बंद केल्यावर पाती थांबायला 5 ते 7 सेकंद लागतात, तोपर्यंत खुर्चीवरच बसा. डेकखाली काम करताना मशिन नुसत्या जॅकवर नको, घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड लावा.

आता रोगांची ओळख. दोन पात्यांच्या मधे गवताची सलग पट्टी उभी राहते, ही सगळ्यांना माहीत असलेली तक्रार. गणित करा. 52 सेंटिमीटरची तीन पाती मिळून 156, डेक 152. उरलेले 4 सेंटिमीटर दोन जोडांत वाटले, प्रत्येकी 2. प्रत्येक पात्याचे टोक झिजून 5 मिलिमीटर गोल झाले, तर शेजारच्या दोघांचे मिळून 1 सेंटिमीटर गेले, जोड निम्म्यावर आला. मधले पाते थोडे पुढे बसवलेले असते, त्यामुळे वळताना हा जोड आणखी उघडतो. म्हणून पट्टी आधी वळणांवर दिसते, मग सरळ रेषेत. अशा पात्याला कितीही धार लावा, लांबी परत येत नाही.

हिरवळीवर पायरी दिसली तर पाते वाकले की स्पिंडल, हे ठरवायची सोपी युक्ती आहे. पात्याचे टोक समोर आणून जमिनीपासून मोजा, अर्धा फेरा देऊन दुसरे टोक त्याच जागी आणून मोजा. फरक 3 मिलिमीटरहून जास्त असेल तर तेच पाते शेजारच्या स्पिंडलवर लावून पुन्हा मोजा. फरक पात्याबरोबर गेला तर पाते वाकले, जागेवर राहिला तर शाफ्ट किंवा त्याखालचा पत्रा. वाकलेले पाते ऐरणीवर ठोकून सरळ करणे, तडा वेल्डिंगने भरणे, हे दोन्ही बंद. कडक केलेले पोलाद आहे, एकदा दगा दिला की तुकडा बाहेर उडतो.

धार लावताना मूळ कोनच ठेवा, साधारण 30 अंश. ग्राइंडरने निळा रंग येऊ देऊ नका, निळी झालेली धार दोन दिवसांत बसते. थोडे घासा, पाते थंड होऊ द्या, परत घासा. वस्तऱ्यासारखी धार नकोच, ती लगेच दुमडते. मग तोल. भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने अडकवून बघा, कोनावरचा बॅलन्सर असेल तर उत्तम. 10 ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण 3300 फेऱ्यांना तो सुमारे 30 किलोचा हिसका होतो, आणि तो सेकंदाला 55 वेळा स्पिंडलला बसतो. जड बाजूचे लोखंड मागच्या कडेच्या टोकाकडून काढा, धारेतून नाही.

पाते बदलायचे कधी? धार संपून पंख वर वळतो त्या कोपऱ्यात बघा. वाळू तिथेच घासते. आधी पत्रा पातळ होतो, मग खाच पडते, मग पंख तुटून उडतो. पातळ झालेले दिसले की पाते भंगारात. कोकणात, गोव्याच्या किनाऱ्यालगत वाळूवर हे लवकर होते. तिथे मोठ्या पंखाचे पाते धूळ उडवते आणि स्वतःच झिजते, लहान पंखाचे घ्या. दाट, ओल्या गवताला मात्र मोठा पंख लागतो, आणि त्याला इंजिनाची ताकदही जास्त लागते.

शेवटी साफसफाई. डेकच्या पोटात चिकटलेले गवत खरवडल्याशिवाय पुढचा वारा मिळत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, आतले आडवे पत्रे ठोकून वाकवू नका, हवेची वाट त्यांनीच ठरते. प्रेशर वॉशरचा झोत स्पिंडलच्या सीलवर मारू नका, पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट नसते. धुतल्यावर दोन मिनिटे पाती फिरवून पाणी झटका. ग्रीस निपल असलेल्या स्पिंडलला लिथियमचे दोन नंबरचे ग्रीस, साधारण 50 तासांनी, धूळ जास्त असेल तर आधी. गन जोरात दाबून सील बाहेर ढकलू नका, हाताची गन, दोन-तीन दाब, पुरे. निपलच नसेल तर ते बेअरिंग बंद प्रकारचे आहे, त्याला भोक पाडून निपल बसवू नका. पावसाळा संपून मशिन महिनाभर उभे राहणार असेल तर डेक कोरडा करून आतून तेलाचा हात फिरवा, बेल्टला ढील द्या, आणि स्पिंडल एकेक करून हाताने फिरवून बघा. ज्यात घरघर ऐकू येते, त्याचे बेअरिंग आताच मागवा.