नऊ हजार फूट

(पर्ल्सचा जुना विमानतळ. सकाळ. गवतात उभी असलेली दोन विमानं.)

ही विमानं १९८३ पासून इथेच आहेत. दोन्ही सोव्हिएत बनावटीची. काचा गेल्या, पत्रा उसवलाय, पोटाखालून वेली वर चढल्यात. शेळ्या सावलीला येऊन बसतात. २५ ऑक्टोबर १९८३ च्या पहाटे अमेरिकेचे मरीन सैनिक हेलिकॉप्टरांतून या माळावर उतरले. त्यानंतर ही विमानं कधी उडाली नाहीत.

हा ग्रेनेडा. कॅरिबियन समुद्रातला ३४४ चौरस किलोमीटरचा देश. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, तिच्या निम्म्याहून जरा जास्त. माणसं लाखाच्या आसपास.

(जायफळाची वखार. हात, पाट्या, फळं.)

या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे. आपण श्रीखंडात किसून घालतो, तेच. फळ उकललं की आत काळपट, चकचकीत कवच आणि त्याला बिलगलेली लालभडक जाळी, म्हणजे जायपत्री. ही जाळी अख्खी सोडवायला नखाचा हात हलका लागतो.

जायफळ बोटीनं जगभर जातं. पाहुणे मात्र विमानानं येतात, आणि ग्रेनेडाची अडचण तिथेच होती. तेव्हा हे पर्ल्स म्हणजे या बेटावरचा एकमेव विमानतळ. धावपट्टी आखूड, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. मोठं विमान उतरायचं नाही. अंधार पडला की लहानही नाही. पर्यटकानं आधी बार्बाडोसला उतरायचं, तिथून छोट्या विमानानं इथे, आणि मग घाटातून वळणं घेत पार पलीकडच्या किनाऱ्यावर, राजधानी सेंट जॉर्जेसला. नव्या विमानतळाची चर्चा ब्रिटिशांच्या राज्यापासून चालू होती. अहवाल झाले. धावपट्टी झाली नाही.

(सेंट जॉर्जेस. बंदर. वर टेकडीवरचा किल्ला.)

७ फेब्रुवारी १९७४ ला देश स्वतंत्र झाला. पंतप्रधान एरिक गेअरी. त्यांच्या मारझोड करणाऱ्या माणसांना लोक ‘मुंगूस टोळी’ म्हणत. स्वातंत्र्याच्या अडीच आठवडे आधी, २१ जानेवारीला, गेअरींच्या विरोधातल्या मोर्च्याच्या वेळी रुपर्ट बिशप नावाचे व्यापारी गोळी लागून गेले. त्यांचा मुलगा मॉरिस, लंडनहून वकिली शिकून आलेला.

१३ मार्च १९७९. गेअरी परदेशात होते. पहाटे मॉरिस बिशपच्या न्यू ज्युएल मूव्हमेंट या डाव्या पक्षाच्या माणसांनी ट्रू ब्लू इथली लष्करी बराक घेतली, पाठोपाठ रेडिओ केंद्र. दिवस मावळायच्या आत सरकार बदललं. हे बंड होतं, ते आम्ही लपवत नाही. निवडणुका झाल्या नाहीत, वृत्तपत्र बंद पडलं, विरोधक तुरुंगात गेले. बंदरावरच्या या किल्ल्याला मॉरिसनं वडिलांचं नाव दिलं: फोर्ट रुपर्ट.

आणि मग काम निघालं धावपट्टीचं.

(पॉइंट सलिन्स. आकाशातून. मग जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

बेटाचं नैर्ऋत्य टोक बघा. इथे टेकड्या होत्या, खाजणं होती, मध्येच आत घुसलेली एक खाडी होती. टेकड्या फोडायच्या, मिठाची तळी उपसायची, खाडी बुजवायची आणि त्यावर ९ हजार फूट सरळ रेघ ओढायची. क्युबानं माणसं दिली, यंत्रं दिली. गाळ उपसून खाडी भरायचं काम फ्लोरिडातल्या अमेरिकन कंपनीनं केलं. दळणवळणाची यंत्रणा ब्रिटनच्या प्लेसी कंपनीकडे होती. ग्रेनेडाच्या लोकांनी विमानतळाचे रोखे घेतले. धावपट्टीला लागूनच एका वैद्यकीय महाविद्यालयाचं आवार होतं, विद्यार्थी बहुतेक अमेरिकन. ही मुलं संध्याकाळी या अर्धवट धावपट्टीवर धावायला यायची. काही लपवायचं असतं, तर कुणी येऊ दिलं असतं का?

मार्च १९८३. अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी बिशप दिल्लीत, विज्ञान भवनात होते. ती परिषद संपून दोन आठवडेही झाले नव्हते. २३ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन दूरचित्रवाणीवर आले. त्यांच्या हातात नकाशे होते, आकाशातून काढलेली छायाचित्रं होती. त्यातलं एक या धावपट्टीचं. ग्रेनेडाला साधं हवाई दलही नाही, मग ही १० हजार फुटांची धावपट्टी कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. बोट होतं सोव्हिएत संघ आणि क्युबाच्या लष्कराकडे. रोखे घेणाऱ्या माणसांकडे उत्तर होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

(किल्ल्याचं आतलं आवार. भिंत.)

घाव मात्र आधी घरातूनच पडला. पक्षात उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड यांचा गट संयुक्त नेतृत्व मागत होता. बिशप आधी हो म्हणाले, मग डळमळले. ऑक्टोबरच्या मध्याला त्यांना घरातच कैद केलं. १९ तारखेला दुकानं बंद झाली, शाळा सुटल्या, हजारो लोक टेकडी चढून गेले आणि त्यांनी आपल्या पंतप्रधानाला पहाऱ्यातून सोडवून या किल्ल्यात आणलं. मागोमाग लष्कराच्या चिलखती गाड्या आल्या. गर्दीवर गोळीबार झाला. लोकांनी तटावरून खाली उड्या टाकल्या. मॉरिस बिशप आणि शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट यांच्यासह आठ जणांना या भिंतीपुढे उभं केलं. वडिलांच्या नावाच्या किल्ल्यात.

(भिंतीवरच्या फलकावरची नावं. निवेदन नाही. २० सेकंद.)

लष्करानं चार दिवसांची संचारबंदी लावली. दिसेल त्याला गोळी. २५ ऑक्टोबरला पहाटे अमेरिकन रेंजर्स पॅराशूटनं उतरले, ते याच धावपट्टीवर. कारणं दिली गेली ती विद्यार्थ्यांच्या सुरक्षेची आणि शेजारच्या बेटांच्या विनंतीची. त्या सकाळी डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स वॉशिंग्टनमध्ये रेगन यांच्या शेजारी उभ्या होत्या. तेव्हा ग्रेनेडाची राणी म्हणजे ब्रिटनचीच राणी, पण ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा विरोध मानला गेला नाही. बऱ्याच ग्रेनेडावासीयांनी सैनिकांचं स्वागत केलं. त्या चार दिवसांनंतर दार ठोठावणारा कोणीही चालला असता. चुकून मनोरुग्णालयावर बॉम्ब पडला, त्यात रुग्ण मेले. २ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १०८ विरुद्ध ९ मतांनी कारवाईचा निषेध केला. महिनाअखेर राष्ट्रकुलाचे नेते दिल्लीहून गोव्याला विश्रांतीला गेले. ग्रेनेडाचा प्रश्न त्यांच्याही बैठकीत होता. बिशप यांच्या हत्येसाठी कोर्ड आणि त्यांच्या साथीदारांवर खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, पुढे त्या जन्मठेपेवर आल्या, २००९ मध्ये शेवटचे कैदी सुटले.

(पॉइंट सलिन्स. तिन्हीसांज. धावपट्टीचे दिवे एकेक लागतात.)

विमानतळ अमेरिकेच्या पैशानं पुरा झाला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये उघडला. तीच जागा, तीच बुजवलेली खाडी, तेच ९ हजार फूट. त्यावरून पर्यटकच आले.

२९ मे २००९ ला, बिशपच्या वाढदिवशी, विमानतळाला त्यांचं नाव दिलं. किल्ल्यात मारलेल्या त्या आठ जणांचे मृतदेह अजून सापडलेले नाहीत.

(अंधार पडलेला. समुद्रावरून एक विमान खाली येतं. चाकं टेकतात. आवाज तसाच ठेवावा.)