सायकलवरचा जीपीएस आणि रस्त्यावरची नजर

नमस्कार मंडळी. आयोजकांनी सायकलवरच्या जीपीएसचा विषय दिला तेव्हा त्यांना बहुधा वाटलं असणार की मी चार-पाच यंत्रं टेबलावर मांडीन, कोणतं घ्यावं ते सांगीन आणि खाली बसेन. यंत्रं आणली आहेत, शेवटी हातात घेऊन बघा. पण कोणतं घ्यावं त्याआधी कशासाठी घ्यायचं, हे एकदा बोलून घेऊ. माझं मत आधीच सांगतो. हँडलवरच्या या डबीकडे ज्याला सारखं बघावं लागतं, त्याने ती नीट लावलेली नाही. ती घ्यायची ती वाट शोधण्याची कटकट डोक्यातून जावी म्हणून. खड्डे, गतिरोधक, कुत्री आणि उलट्या बाजूने बिनधास्त येणारे दुचाकीवाले यांच्यासाठी डोळे मोकळे राहिले पाहिजेत.

‘फोन आहे की, मग वेगळं यंत्र कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. गावातल्या गावात जायचं तर फोन पुरतो. पण एप्रिल-मेच्या उन्हात फोन हँडलवर लावून फलटणच्या रस्त्याला लागा. स्क्रीन दिसावी म्हणून ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला, वरून ऊन. थोड्याच वेळात फोन तापतो आणि स्वतःच स्क्रीन अंधूक करून टाकतो. पावसात वेगळीच तऱ्हा. थेंब पडला की त्याला वाटतं बोट लागलं, आणि नकाशा भलतीकडेच सरकतो. बहुतेक सायकल कम्प्युटरचा, म्हणजे हँडलवरच्या या डबीचा, पडदा बाहेरचा उजेड परतवून दिसतो, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठळक. आतून दिवा लावावा लागत नाही म्हणून बॅटरीही दिवसभर टिकते. मला मात्र याहून मोठं कारण वाटतं ते असं, की फोन खिशात शाबूत राहतो. कुठे काही झालंच आणि ११२ लावायची वेळ आली, तर तेव्हा फोनमध्ये जीव असला पाहिजे.

आता ही डबी तुमची जागा ओळखते कशी? जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत वेळ सांगत राहतात. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकावरून अंतर निघतं. अक्षांश, रेखांश, उंची आणि यंत्राच्या घड्याळातली चूक अशा चार गोष्टी काढायच्या असतात, म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम गडबड मिसळत असे. ती बंद झाली आणि मग आपल्यासारख्यांसाठी या यंत्रांना अर्थ आला. आज मोकळ्या माळावर पाचेक मीटरची चूक धरून चाला. घाटात एका बाजूला कडा आला की अर्धं आकाश झाकलं जातं, शिवाय संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतो, आणि यंत्र तुम्हाला खुशाल दरीत उभं करतं. त्याने घाबरायचं कारण नाही. वळण पार झालं की ते परत रस्त्यावर येतं.

पण पाच मीटर म्हणजे किती, हे हायवेवर कळतं. पुणे-सातारा रस्त्यावर मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड शेजारी-शेजारी पळतात. तुम्ही कुठल्या रस्त्यावर आहात हे यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. उड्डाणपूल आला की वरून जायचं की खालून, हा निर्णय तुमचा. पडद्यावर दोन्ही रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि ‘सरळ जा’ एवढंच लिहिलेलं असतं. पुलावर कडेला जागा कमी, मागून ट्रकची रांग. खालून गेलं तर रिक्षा, पाणीपुरीच्या गाड्या, उलटी वाहतूक. मी खालून जातो. वेळ जातो, पण तिथे सगळ्यांचाच वेग कमी असतो.

याच्याही पुढचं दुखणं म्हणजे उजवं वळण. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे दुभाजक असलेल्या रस्त्यावर उजवीकडे वळायचं म्हणजे भरधाव लेन ओलांडून मध्ये जायचं. वाट आखणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने ते फक्त एक वळण असतं. दुभाजकातली फट गेल्या महिन्यात सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केलीय, हे तिला कोण सांगणार? तेव्हा घरी बसून वाट आखतानाच अशी वळणं शोधा आणि अंडरपासमधून वळसा घाला. राइड सुरक्षित करण्याचं निम्मं काम आदल्या रात्री होतं, असं मी म्हणतो ते याच अर्थाने. वाट आखायला स्ट्राव्हा, कोमूट, राइड विथ जीपीएस, जे ॲप वापरत असाल ते वापरा, पण ‘सायकल’ निवडलंय ना, हे बघा. गाडीची वाट मागितली तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दाखवणारच, आणि तिथे सायकलला बंदी आहे.

सायकल निवडली म्हणजे सगळं झालं असंही नाही. यातल्या बऱ्याच नकाशांच्या मुळाशी ओपनस्ट्रीटमॅप आहे, २००४ साली सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. आपल्या ट्रेकर मंडळींनी सह्याद्रीतल्या घाटवाटा त्यात हौसेने टाकल्या आहेत. त्याचा परिणाम बघा. जुन्नरहून कल्याणकडे उतरायचं तर सर्वांत जवळची रेघ नाणेघाटातून जाते. वर घाटमाथ्यापर्यंत छान डांबरी रस्ता, आणि पुढे? सातवाहनांच्या लेण्यापासून खाली दगडी पायऱ्या. माल लादलेली जनावरं तिथून शतकानुशतकं उतरली, पण तुमच्या रोडबाइकचं तिथे काम नाही, माळशेज घाटानेच जावं लागतं. म्हणून आखलेली वाट निदान एकदा उपग्रहाच्या छायाचित्रावर टाकून डोळ्यांखालून घाला. डांबर कुठे संपतं ते बहुतेक वेळा दिसतं. पातळ ठिपक्यांची रेघ दिसली की थांबा.

चढाचंही तसंच. वाट आखली की खाली चढ-उताराचा आलेख येतो, आणि त्यात मध्येच पंचवीस टक्क्यांचा सुळका बघून लोक राइड रद्द करतात. हा आकडा येतो कुठून? फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. तो साठा आजही पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. त्यात जमीन साधारण तीस मीटरच्या चौकटींत वाटलेली असते आणि दर चौकटीला एकच उंची. सपाटीवर काही बिघडत नाही. पण कड्याच्या पोटात खोदलेला घाटरस्ता घ्या. एक चौकट कड्याची उंची सांगते, शेजारची दरीची, आणि मधला बिचारा रस्ता कागदावर करवतीसारखा दातेरी होतो. पसरणी घाटच बघा. वाई ते पाचगणी बाराएक किलोमीटर, चढ साधारण साडेपाचशे मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आतबाहेर. चांगला चढ आहे, भिंत नाही. एकेक टोक बघू नका, एकूण चढ आणि एकूण अंतर बघा.

राइड चालू असताना चांगलं यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजतं. आपल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने घटला की आठ-नऊ मीटर वर आलो असं समजायचं. हे जास्त विश्वासाचं, फक्त पावसाळ्यात हवाच बदलत असते, त्यामुळे चहाला थांबल्या जागी तुम्ही वीस मीटर चढलेले दिसता. यंत्राच्या पाठीमागे किंवा बाजूला बारीक छिद्र असतं, त्यात घामाचं मीठ किंवा चिखल बसला तरी हेच होतं. साध्या पाण्याने धुवा, टाचणी घालू नका.

आता पडदा कसा लावायचा ते जरा तपशिलाने सांगतो, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. नवीन यंत्र येतं तेव्हा एका पानावर आठ-दहा आकडे असतात. सरासरी वेग, कमाल वेग, कॅलरी, तापमान, सूर्यास्त. ते सगळं काढा. पहिल्या पानावर तीनच ठेवा : पुढचं वळण किती दूर, एकूण अंतर आणि घड्याळ. नकाशा दुसऱ्या पानावर. वळण जवळ आलं की यंत्र आपोआप नकाशा पुढे आणतं आणि बीप देतं, ती सोय चालू ठेवा. मग वळणासाठी पडद्याकडे टक लावावी लागत नाही, कान काम करतात. अट एक : वाटेच्या फाइलमध्ये वळणं लिहिलेली हवीत. मित्राने पाठवलेल्या जीपीएक्स फाइलमध्ये पुष्कळदा नुसती रेघ असते. काही यंत्रं त्या रेघेवरून आपली वळणं काढतात, काही काढत नाहीत आणि मुकाट राहतात. आदल्या दिवशी गल्लीत एक चक्कर मारून खात्री करून घ्या.

दुसरी सेटिंग, वाट चुकल्यावर आपोआप नवी वाट काढण्याची. लांबच्या राइडला मी ती बंद ठेवायला सांगतो. तुम्ही पंक्चर काढायला किंवा पाणी भरायला शंभर मीटर आत गेलात, की यंत्र नवी वाट काढतं, आणि ती कधीकधी तुमच्या आखलेल्या वाटेला कुठेच मिळत नाही. नुसतं ‘वाट सोडलीत’ एवढं कळलं तरी पुरे, वळून परत या. आणि जे यंत्राला माहीतच नसतं ते माणसांना विचारा. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वरचेवर बंद करावा लागतो, तरी नकाशावर रेघ तशीच असते. भोरमध्ये चहा पिताना टपरीवाल्याला विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर मिळतं.

आता रडार. यावर आज सगळ्यात जास्त उत्सुकता दिसतेय. सीटखाली लावायचा टेललाइट, त्यातच छोटं रडार. गार्मिनचं व्हॅरिया हे त्यातलं जुनं नाव. मागून येणारं वाहन साधारण १४० मीटरवर असतानाच ते ओळखतं आणि पडद्याच्या कडेला ठिपका वर सरकू लागतो. हिशेब करा : तुम्ही वीसने चाललाय, गाडी ऐंशीने येतेय, तर हातात आठेक सेकंद मिळतात. कडेला सरायला, हँडल घट्ट धरायला, शेजारी चालवणाऱ्याला ‘गाडी’ म्हणून ओरडायला तेवढे पुरतात. निवांत राज्यमार्गावर, समोरून वारा असताना कान काही ऐकत नाहीत, तिथे ही वस्तू खरोखर उपयोगी आहे.

पण त्याला काय दिसत नाही ते लक्षात ठेवा. तुमच्याच वेगाने मागे चिकटून येणारी मोटारसायकल त्याच्यातून सुटू शकते. गाडी तुमच्यापासून एक फुटावरून जाणार की एक मीटरवरून, हे ते सांगत नाही. ड्रायव्हरने तुम्हाला पाहिलंय का, हे तर नाहीच. शहरात ते अखंड वाजत राहतं, मग माणूस आवाजच बंद करतो. आणि आपल्या भागातला मोठा धोका असतो समोर. गळीत हंगामात पहाटे कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात तो दिसतो तेव्हा तुम्ही जवळजवळ त्याच्यावर असता. मागे बघणारं रडार तिथे काय करणार? त्यासाठी चांगला हेडलाइट लागतो आणि पडद्यावरून उठलेली नजर लागते. पैसे मोजकेच असतील तर आधी दिवा घ्या, मग हँडलला आरसा, रडार त्यानंतर.

पडल्याची सूचना घरी पाठवणारी सोय बऱ्याच यंत्रांत असते. जोराचा हिसका बसला की यंत्र काही सेकंद वाट बघतं आणि तुम्ही रद्द केलं नाही तर ठरवलेल्या नंबरला ठिकाणासह निरोप जातो. तो जातो तुमच्या फोनमधून. फोनला रेंज नसेल तर कुठेच जात नाही, आणि घाटात नेमकी रेंज नसते. शिवाय टपरीजवळ टेकवलेली सायकल आडवी झाली तरी घरी धावपळ उडू शकते. सोय चालू ठेवा, पण कुठल्या वाटेने चाललोय आणि किती वाजेपर्यंत पोचणार, हे घरी सांगून निघा. वाटेची लिंकही पाठवून ठेवा.

आणखी एक, घाईत सांगतो. राइड सगळ्यांना दिसेल अशी टाकत असाल तर घराभोवतीचा भाग लपवा. जानेवारी २०१८ मध्ये, वापरणाऱ्यांच्या नोंदींवरून बनवलेल्या स्ट्राव्हाच्या नकाशावरून लष्करी तळ उघडे पडले होते. तुमची महागडी सायकल कुठल्या सोसायटीत रात्री उभी असते, हे शोधणं त्याहून सोपं आहे.

बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांसाठी थोडं. ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात, म्हणजे रात्र रस्त्यावर काढायचीच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या अशाच मोठ्या राइडला वाटेवर बाण लावलेले असतात, आपल्याकडे सहसा नसतात, त्यामुळे सारी भिस्त यंत्रावर. पडद्याचा दिवा अगदी मंद ठेवा, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे दर वेळी दिपतात. पॉवर बँक ठेवा, पण पावसात चार्जिंगचं रबरी झाकण उघडं टाकू नका. आणि वळणांची यादी एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

मघाशी मागून एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘वय सहासष्ट, चष्मा जवळचा, हँडलवरचं काही वाचता येत नाही, मी काय करू?’ काका, पानावर दोनच आकडे ठेवा, म्हणजे ते आपोआप मोठे होतात. स्पर्शाचा पडदा घेऊ नका, बटणांचं घ्या. आवाज पूर्ण वाढवा. यंत्र हँडलच्या पुढे येणाऱ्या माउंटवर लावा, म्हणजे ते डोळ्यांपासून थोडं लांब जातं आणि मानही कमी वाकते. दुकानात गेलात की बाहेर उन्हात नेऊन, चष्म्याशिवाय वाचून बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा. बाकीच्यांनी आता टेबलाजवळ या, यंत्रं चालू करून ठेवली आहेत.