किंचाळणारी फ्लॉपी

(दृश्य: टेबलावर सव्वापाच इंची फ्लॉपी. पाकिटाच्या खाचेतून दिसणाऱ्या चकतीवर पांढुरके ठिपके.)

मुंबई-कोकणातले तीस-पस्तीस पावसाळे कपाटात काढल्यावर फ्लॉपी अशी दिसू लागते. ही धूळ नाही, बुरशी आहे.

आत पातळ प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला लेप. त्याला धरून ठेवणारं बंधक आणि किंचितसं वंगणही त्या लेपातच. ओलाव्यानं बंधक सैलावतं, वंगण निकामी होतं. हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, चकतीवर तरंगतं. फ्लॉपीचं हेड चकतीला टेकून असतं, आणि चकती फिरते मिनिटाला ३०० वेळा.

(आवाज: ड्राइव्हमधून बारीक किंचाळी.)

हे ऐकू आलं की फ्लॉपी ताबडतोब बाहेर! ‘पुन्हा एकदा लावून बघू’ म्हणतो आपण, आणि तिथेच घात होतो. खरवडलेला लेप हेडवर साचतो आणि पुढचे ट्रॅकही, म्हणजे माहितीची गोल वर्तुळंही, ओरबाडत जातो. चकती दिव्यासमोर धरा. गोल रेघेतून उजेड आरपार आला, तर तिथली माहिती गेली. कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणणार नाही.

(दृश्य: मास्क, हातमोजे, कात्री.)

पाकिटाची एक कड कापून चकती अलगद काढायची. आतलं अस्तर धूळ टिपण्यासाठीच असतं. आता त्यातच बुरशी मुरलीय, ते पाकीट बाद. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि हात अगदी हलका. ॲसिटोनला हातही लावू नका, लेपच विरघळेल. कापड तपकिरी होऊ लागलं, तर थांबा.

तरीही किंचाळत असेल, तर सायक्लोमेथिकोनचे दोन-चार थेंब. केसांच्या सीरममध्ये असतं तेच, पण सीरमची बाटली उपडी करू नका; त्यातलं बाकीचं उडून जात नाही. हे मात्र वाचन होईपर्यंत वंगणाचं काम करतं आणि मग उडून जातं.

(दृश्य: चकती दुसऱ्या फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात.)

हेड पुसून घेतलं. आता ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड फायली वाचत बसत नाही, चुंबकीय बदलच जसेच्या तसे टिपतो. उलगडा नंतर, सावकाश. तेवढा वेळ चकतीला विश्रांती.

३६० केबीच्या फ्लॉपीत ७२० सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे. पडद्यावर हिरवे चौकोन भरत जातात. मधेच तीन लाल, म्हणजे न वाचता आलेले.

ड्राइव्ह थांबवला. हेडवरून फिरवलेल्या कापसाला तपकिरी डाग. चकती पुन्हा बाहेर, आणखी दोन थेंब.