विहिरीमागची पार्टी

डिसेंबर. यावल-रावेरकडचं शेत, शेजारी केळीची बाग. पऱ्हाट्यांच्या जाळात भरताची हिरवी वांगी भाजतायत, बाया कळण्याच्या पुऱ्या तळतायत. खानदेशात थंडी पडली की भरीत पार्टी ठरलेलीच.

आता जरा विहिरीमागं चला. तिथं बाप्यांची दुसरी पार्टी बसलीय. बर्फ, चखणा, पाण्याचा जार हे सगळं मोटरसायकलवर आणायला पळतो तो दहावीतला पोरगा. लायसन्स नाही, पण ते कोण विचारतंय!

शाळकरी पोराचा पहिला घोट पुष्कळदा असाच घरच्यांतला असतो. बारमध्ये नाही, हळदीच्या रात्री, वरातीत डीजेमागं, नाहीतर इथं. देणारा मावसभाऊ, चुलता. "घे ना भो, एका घोटानं काही नही होत."

महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला 25. आणि 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 सांगतं, की अठराच्या आतल्या मुलाला दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर 1 लाखापर्यंत दंड. दुकानदारच नव्हे, लाडका काकाही त्यात येतो. आपण मात्र झडती घेतो ती पोराच्या दप्तराची.

सातपुड्यातल्या मोहाच्या दारूला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. ती निदान आधी देवाला वाहतात, सगळ्यांसमोर. इथं सगळं अंधारात.

अंधारात म्हणजे घाईत. कोणी यायच्या आत ग्लास रिकामा करायचा, तोही उपाशीपोटी. थांबायचं कधी हे ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. पंधराव्या वर्षी तो कच्चाच. पोरगा कोसळला की मित्र लिंबू पाजतात, तोंडावर पाणी मारतात, घरी कळू नये म्हणून मळ्यातच झोपवतात. उताणा. त्यातच जीव जाऊ शकतो, कारण उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरते. त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, 108ला फोन लावायचा. शिव्या सकाळी.

मोटरसायकल परत आलीय. पोराच्या हातात बर्फाची पिशवी. चुलीपाशी आईनं ताट वाढलंय, ती हाक मारतेय. विहिरीमागून आवाज येतो, "ये, बस ना थोडा वेळ."