कालव जित्तं हाय का?

मंडळी, सकाळी तलावाच्या पाळीवर भेटलेल्या मावशींनी माझ्या टोपलीत डोकावून विचारलं, "बाई, जित्ते हायेत म्हनता, तं हालत काहून नाही?" कालवं, म्हणजे समुद्रातली शिंपली (ऑयस्टर), कच्ची खायची तर पहिला प्रश्न हाच.

आपल्या तलावातली शिंपी चिखलात हळूहळू सरकते. कालव मात्र लहानपणी एकदा खडकाला चिकटलं की जन्मभर तिथंच. ते हालत नाही, पण मिटतं. तोंड किंचित उघडलेलं कालव बोटानं ठोका. जिवंत असेल तर शिंपा घट्ट आवळून घेईल. नाही मिटलं, की फेकून द्यायचं. शिजवूनही खायचं नाही.

माझं माहेर इथलंच, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं, पण लग्नानंतर बावीस वर्षं कोकणात, वेंगुर्ल्याला काढली. तिकडं घरोघरी कालवं शिजवूनच खातात, ओल्या खोबऱ्याच्या वाटणात. कच्ची खाणारे थोडे. म्हणून आधीच सांगते: कुठल्या पाण्यातली, कधी काढलेली, हे ठाऊक नसेल तर सरळ रस्सा करा. कालव पाणी गाळून जगतं. पाण्यात घाण असली तर ती त्याच्या पोटात येते. लिंबू पिळल्यानं जंतू मरत नाहीत, तिखटानंही नाही. गरोदर बाई, साखरेचा किंवा लिव्हरचा आजार असलेला माणूस, यांनी कच्चं खाऊच नये. या बाबतीत मी कुणाची भीड धरत नाही.

आता कोकणातून इकडं आणायचं कसं? नुसता समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा, कोकण त्याच्याही पलीकडं. पहिल्या खेपेला मी चूक केली. डब्यात बर्फ भरला, तो वितळला आणि कालवं रात्रभर त्या गोड्या पाण्यात बुडून राहिली. घरी उघडली तर निम्मी मेलेली, वास नाकात बसला. खारं पाणी हेच त्यांचं घर. तेव्हापासून खोलगट बाजू खाली ठेवून रचते, वर ओलं गोणपाट, बर्फ वेगळ्या पिशवीत. झाकण घट्ट लावत नाही, त्यांना श्वास लागतो. आणते फक्त थंडीत. आपल्या मे महिन्यात हा उद्योग नको.

उघडताना घाई केली की हात कापतो. आधी ब्रशनं चिखल घासून काढा. डाव्या हातात जाड फडकं, त्यात कालव, चपटी बाजू वर. मागं निमुळतं टोक असतं, तिथं दोन्ही शिंपांचा सांधा. आखूड, बोथट, जाड पात्याची सुरी त्यात रुतवायची आणि किल्ली फिरवावी तशी पिळायची. ढकलायचं नाही! 'कट्' असा बारीक आवाज येतो. मग पातं वरच्या शिंपाला घासत नेऊन आतला स्नायू कापा, झाकण काढा, खालूनही सोडवा. आतलं खारं पाणी सांडू देऊ नका, निम्मी चव त्यातच आहे. फुटलेल्या शिंपाची कच बोटानं काढा, नळाखाली धुऊ नका. परातीत फोडलेला बर्फ पसरून त्यावर मांडा आणि लगेच खा. मी वर लिंबाचे दोन थेंब टाकते, बस्स.

आणि हे ऐकून तलावातली शिंपी कुणी कच्ची खाऊ नका. तिथं म्हशी बसतात, पावसात शेतातलं औषध उतरतं.

मावशी, पुढं या. हे कालव धरा. ठोका बरं बोटानं.