'हेला': बे एरियातला 'लय'

[दृश्य: ओकलंड, शाळा सुटण्याची वेळ]

"इट्स हेला कोल्ड!" असं कुणी सहज म्हणालं, तर तो माणूस उत्तर कॅलिफोर्नियात वाढलेला असण्याची शक्यता बरीच. सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि भोवतालच्या बे एरियात 'हेला' म्हणजे खूप, भयंकर, जाम.

सर्वांत पटणारी व्युत्पत्ती अशी: 'हेल ऑफ अ' हे तीन शब्द घाईत बोलताना 'हेलुवा' झाले आणि ते आणखी झिजून 'हेला' उरलं. पण झिजताना त्याचं व्याकरणही बदललं, आणि खरी गंमत तिथेच आहे. 'अ हेल ऑफ अ गेम' म्हणायचं तर पुढे नाम हवंच. 'हेला'ला ती अट नाही. विशेषणाआधी 'हेला गुड', नामाआधी 'हेला पीपल', थेट क्रियापदाआधी 'आय हेला लाइक इट'. 'व्हेरी'ला यातलं पहिलंच जमतं. आपला 'लय' मात्र तिन्हीकडे चालतो: लय भारी, लय माणसं, लय आवडलं.

नवखे लोक चुकतात ते 'हेला ऑफ अ पार्टी' म्हणून. 'ऑफ अ' त्या शब्दात आधीच मुरलेलं असतं, ते पुन्हा जोडायचं नाही. शिवाय 'हेल' म्हणजे नरक, त्यामुळे काही घरांत तो शब्द वर्ज्य. तिथली मुलं 'हेका' म्हणून वेळ निभावतात. नोकरीच्या अर्जात दोन्ही नकोत.

[दृश्य: कॅलिफोर्नियाचा नकाशा]

लॉस एंजेलिसकडे हा शब्द उत्तरेची खूण मानला जातो. भाषाशास्त्रज्ञ मेरी बुकोल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना राज्याच्या नकाशावर बोलींची नोंद करायला सांगितली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उत्तरेची ओळख म्हणून 'हेला' ठळकपणे पुढे आला.

२०१० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या ऑस्टिन सेंडेकने मोहीमच काढली: एकावर २७ शून्यं, या संख्येसाठी 'हेला' हा 'किलो', 'मेगा'सारखा मापांचा अधिकृत उपसर्ग करा. त्याच वर्षी गूगलच्या गणकयंत्राने तो स्वीकारलाही. त्या हिशेबाने पृथ्वीचं वस्तुमान होतं सुमारे ६ हेलाग्रॅम. मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या जागी 'रोना' निवडला. वर्गात आता ६ रोनाग्रॅम शिकवायचे. बे एरियातल्या बसथांब्यावर थंडी अजून 'हेला'च असते.