पुन्हा विचारावं लागू नये

(नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत असलेल्या तरुणांसमोर मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण ऑफिसातून थेट इथे दादरला आला आहात, आणि परत कुणाला बोरिवली गाठायची आहे, कुणाला कल्याण. म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलतो.

नोकरीत पुढे कोण जातं, असं विचारलं की हुशारी, ओळखी, इंग्रजी, नशीब अशी उत्तरं येतात. या सगळ्यांचा वाटा असतोच. पण काम वाटून देणारा माणूस मनात एक साधा हिशेब करत असतो: याच्याकडे दिलं तर मला पुन्हा विचारावं लागेल का? ज्याला विचारावं लागत नाही, त्याच्याकडे पुढचं मोठं काम जातं. हा भरवसा स्वभावातून येतो असं मानलं जातं. तो सवयींतून येतो, आणि त्या सवयी शिकता येतात.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘बघतो.’ आपल्याकडे ‘बघतो’ म्हणजे हो, ‘बघतो’ म्हणजे नाही, आणि ‘बघतो’ म्हणजे अजून विचारच केलेला नाही. बोलणाऱ्याच्या मनात तिसरा अर्थ असतो, ऐकणारा पहिला घेऊन जातो. गुरुवारी तो विचारतो, ‘झालं का?’ आणि तुम्हाला वाटतं, मी कुठे कबूल केलं होतं? दोघंही खरंच बोलत असतात. ‘होऊन जाईल’ आणि ‘जवळजवळ झालंय’ ही त्याचीच भावंडं. त्यातलं ‘जवळजवळ झालंय’ सगळ्यात महागात पडतं, कारण राहिलेला भाग बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातातला असतो: कुणाची सही, कुणाचे आकडे, कुणाची मंजुरी. त्याऐवजी असं सांगा: ‘दहातले आठ तक्ते झाले. दोन राहिलेत, त्यांचे आकडे अकाउंट्सकडून उद्या अकरापर्यंत येणार आहेत.’ ऐकणाऱ्याला यातून पुढचं ठरवता येतं.

काम घेतानाच निम्मा घोळ होतो. साहेब जाता जाता म्हणतात, ‘ते थकबाकीचं जरा संध्याकाळपर्यंत करून टाक.’ कोणती थकबाकी? सगळ्या विभागांची की ठाण्याची? वाचणार कोण? एक्सेलमध्ये हवं की एका पानाची पीडीएफ? आणि संध्याकाळ म्हणजे कधी? विरार फास्ट पकडणाऱ्याची संध्याकाळ सहाला संपते, साहेबांची कदाचित आठला सुरू होते. हे प्रश्न विचारले तर आपण मठ्ठ दिसू, या भीतीने माणसं गप्प बसतात आणि भलतंच काम मन लावून करतात. तिथेच विचारा. मग जागेवर येऊन दहा मिनिटांच्या आत एक मेसेज टाका: ‘सर, मे महिन्याची थकबाकी, फक्त ठाणे विभाग, एक पान पीडीएफ, आज ६ पर्यंत देतो. वसुलीचे आकडे ४ पर्यंत मिळाले तर.’ शेवटचं वाक्य विसरू नका. तुमचा शब्द दुसऱ्या कुणाच्या कामावर उभा असेल, तर ते शब्द देतानाच सांगायचं असतं. नंतर सांगितलं की ती सबब होते.

डबेवाल्यांच्या डब्याचं झाकण कधी नीट पाहा. घरून उचललेला डबा ऑफिसात पोचेपर्यंत अनेकांच्या हातांतून जातो. प्रत्येकाला लागेल तेवढंच झाकणावर रंगवलेलं असतं: कुठून निघाला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. आत भाजी कोणती, हे तिथे नसतं. तुमचा मेसेज तसा असावा. पुढच्या माणसाला तुम्हाला फोन न करता काम पुढे नेता आलं पाहिजे, आणि नको ते वाचावं लागू नये.

आता नोंद. शंभर पानी वही घ्या, फोनमधलं अॅप नको. अॅपशी माझं वैर नाही, पण फोन उघडला की आधी दुसरंच काही दिसतं. वाणी उधारीची वही ठेवतो तशी ही ठेवायची. डाव्या पानावर देणी, म्हणजे तुम्ही कुणाला काय द्यायचं कबूल केलंत. उजव्या पानावर येणी, म्हणजे कुणी तुम्हाला काय द्यायचं कबूल केलंय. एका कामाला एक ओळ: तारीख, काय, कुणाला, कधीपर्यंत. डाव्या पानावर दोन रकाने जास्त: किती वेळ लागेल असं वाटलं, आणि प्रत्यक्षात किती लागला. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये दिलेला शब्दही जागेवर आल्यावर लगेच उतरवायचा, कारण बुडतात ते बहुतेक असेच शब्द असतात.

उजवं पान माणसं रिकामं सोडतात. ती चूक आहे. तुमची उशिरा गेलेली कामं तपासलीत, तर पुष्कळदा कुणाचं तरी येणं अडकलेलं सापडेल. आठवण मुदतीच्या आदल्या दिवशी करावी, मुदत उलटल्यावर नाही. ‘उद्या अकराला तुमचे आकडे मिळतील ना, त्यावर माझं काम आहे’ एवढं पुरतं. मुदत उलटल्यावर तेच वाक्य तक्रार वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ मला अंदाजाला द्यायचा आहे, कारण चांगली, कष्टाळू माणसं इथेच फसतात. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की आपल्या कामाला किती वेळ लागेल हे माणूस सातत्याने कमी धरतो. पुढे १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिघडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला.

याचं कारण आळस नाही. अंदाज करताना आपण ते काम डोळ्यांपुढे आणतो: बसलो, लिहिलं, पाठवलं. मधला फोन, बंद पडलेला प्रिंटर, रजेवर गेलेला सही करणारा, हे त्या चित्रात नसतं. मागच्या वेळी ते झालं होतं, पण तो अपवाद होता असं आपण धरून चालतो. उपाय तुमच्या वहीत आहे. अशाच प्रकारच्या मागच्या तीन कामांना किती वेळ लागला ते बघा आणि तोच आकडा सांगा. वीसेक ओळी जमल्या की शेवटच्या दोन रकान्यांची बेरीज करा. वाटलेले ४० तास आणि लागलेले ६० असतील, तर तुमचा गुणाकार दीड. दोन तासांचं वाटलं की तीन सांगायचे. लिखाणाचं काम आणि आकडेमोडीचं काम यांचे गुणाकार वेगळे निघतील, ते वेगळेच ठेवा.

दुसरी गल्लत तास आणि दिवस यांची. ‘सहा तासांचं काम आहे, उद्या देतो.’ उद्या तुमच्या हातात सहा तास आहेत का? एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवून बघा. मीटिंग, फोन, जेवण, ‘जरा इकडे ये’ हे सगळं वजा जाता स्वतःच्या कामाचे दोन-तीन तास निघाले तरी पुष्कळ. दोन निघत असतील, तर सहा तासांचं काम तीन दिवसांचं झालं. वर साहेबांच्या नजरेखालून जायला एक दिवस. आज सोमवार असेल तर खरं उत्तर शुक्रवार आहे. सोमवारी ‘उद्या’ म्हणून शुक्रवारी दिलेलं आणि सोमवारी ‘शुक्रवारी’ म्हणून शुक्रवारी दिलेलं काम एकच असतं. पण पहिल्यात तुमचं नाव खराब होतं, दुसऱ्यात वाढतं.

अडचणी अचानक येतात, हेही मुंबईत पूर्ण खरं नाही. इथे पुष्कळशा अडचणींचं वेळापत्रक आधी छापून येतं. रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती कुठल्या दिवशी, किती वाजता, ही यादी महापालिका आधीच देते. त्या वेळेला मोठा पाऊस गाठ पडला की पाणी तुंबणार आणि लोकल रखडणार. गणपती, मार्चअखेर, आगाऊ आयकर भरायच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा कॅलेंडरवर असतात. अकाउंट्सकडून काही हवं असेल तर १४ सप्टेंबरला मागू नका. भरतीच्या दिवशीचं सादरीकरण आदल्या रात्री पाठवून ठेवा. डबेवाल्यांच्या प्रत्येक गटात आयत्या वेळी धावून जाणारा जादा माणूस ठेवलेला असतो. तुमच्या आठवड्यात तसा निदान अर्धा दिवस कुणालाच न दिलेला असू द्या. मी तो गुरुवारी दुपारी ठेवायला सांगेन. सोमवारी ठेवलेला उपयोगी पडत नाही, तोवर काही बिघडलेलंच नसतं. शुक्रवारी ठेवलात तर निस्तरायला वेळ उरत नाही.

एवढं करूनही उशीर होईल. मग काय? मुदतीचा निम्मा वेळ गेला की थांबून बघायचं: निम्मं काम झालंय का? नसेल तर तेव्हाच सांगायचं. मुदतीच्या तासाला सांगितलं की समोरच्याच्या हातात काही उरत नाही. मेसेजात चार गोष्टी हव्यात: काय झालंय, काय राहिलंय, नवी वेळ, आणि आत्ता काय देऊ शकतो. ‘मॅडम, उद्याच्या अहवालाचे पहिले तीन भाग तयार आहेत, ते आत्ता पाठवतो. चौथा परवा दुपारी ३ ला देतो.’ लोक काय लिहितात? लांबलचक माफी, लोकल, नेट, तब्येत, आणि नवी वेळ कुठेच नाही. कारण एका वाक्यात पुरे. आणि नवी वेळ सांगताना तिच्यात सैल जागा ठेवा. एकदा मुदत हुकणं माणसं विसरतात, दिलेली नवी मुदतही हुकली तर मात्र लक्षात ठेवतात.

काही कामं घ्यायचीच नसतात. आपल्याला नाही म्हणायची भीड वाटते, आणि भीड ही भिकेची बहीण. थेट ‘जमणार नाही’ म्हणायची गरज नाही. डावं पान समोर ठेवा आणि विचारा: ‘सर, हे आज घेतलं तर निविदेचं काम परवावर जाईल. कोणतं आधी करू?’ आता ठरवणं त्यांच्याकडे गेलं, जिथे ते असायला हवं. भरवशाच्या माणसाच्या गळ्यात सगळ्यांची कामं पडतात ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच वही जपून ठेवा. वर्षाअखेरीस पगारवाढीचं बोलणं होईल, तेव्हा ‘मी खूप काम केलं’ म्हणण्याऐवजी अमुक इतकी कामं घेतली, त्यातली इतकी वेळेवर गेली, हे दाखवता येतं.

हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. २१ दिवसांत सवय लागते असं कुणी सांगितलं, तर बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. सवय एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवणारे, नुसतं ‘करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा ते पार पाडतात असं दिसतं. म्हणून ‘रोज वही बघीन’ असं ठरवू नका. ‘चारचा चहा टेबलावर आला की दोन्ही पानं वरून खाली वाचीन’ असं ठरवा. पाच मिनिटं लागतात. चहा निवडला, कारण तेव्हा दिवस संपलेला नसतो, चूक दिसली तर फोन करायला समोरचा माणूस अजून जागेवर असतो.

लॅलींच्या अभ्यासात आणखी एक दिसलं: एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. वही घरी राहिली, तर त्या दिवशीचे शब्द मिळेल त्या कागदावर लिहा, खिशात ठेवा आणि रात्री जेवणाआधी वहीत उतरवून घ्या.